साडेसहा ते साडेसात

"आई, अजून दोन मिनिटं आहेत," जुई म्हणाली.

"भिंतीवरच्या घड्याळात असतील. राउटरमध्ये संपली."

"राउटरचं घड्याळ कोण लावतं?"

"मी."

"मग?"

बाहेर पेपर वाचत बसलेला श्रीरंग मोठ्याने हसला. "जुई, वाद घालू नकोस. तुझी आई पाण्याचे नमुने तपासते. बाटली पोचायला दहा मिनिटं उशीर झाला तर अख्ख्या गावाचा नमुना परत पाठवते. तू कोणत्या झाडाचा पाला?"

जुईने टॅब मिटला, वही दप्तरात टाकली आणि पानं घ्यायला लागली. तिने हट्ट केला नाही, याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं. वाटायला नको होतं.

जुई तेव्हा अकरा वर्षांची होती, सहावीत. आम्ही साताऱ्याला राहत होतो. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मला सोळा वर्षं झाली होती. त्या वर्षी शाळेत पालकांची खास सभा झाली. जुईच्या वर्गातल्या एका मुलीला कुणी अनोळखी माणूस दोन महिने मोबाइलवर लिहीत होता. आधी चित्रकलेचं कौतुक, मग फोटोंची मागणी, मग घरी काही सांगायचं नाही म्हणून वचन. बाईंनी ते आम्हाला हळू आवाजात सांगितलं. ती मुलगी आमच्याकडे वाढदिवसाला येऊन गेली होती. आमच्या हॉलमध्ये बसून तिने दोन वाट्या खीर खाल्ली होती.

मी घरी आले आणि त्याच रविवारी राउटरची माहितीपुस्तिका वाचून काढली. जुईच्या टॅबला रोज एक तास, साडेसहा ते साडेसात. मी नेमून दिलेल्या गोष्टी सोडून बाकी सगळं बंद. अभ्यासाचे व्हिडिओ चालू, शब्दकोश चालू. व्हिडिओ कॉलही चालू ठेवला, कारण श्रीरंग महिन्यातले दहा दिवस फिरतीवर असायचा आणि लेकीचं तोंड पाहिल्याशिवाय त्याला लॉजवर जेवण जायचं नाही. तिसरा नियम जागेचा. टॅब वापरायचा तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, माझ्या डोळ्यांसमोर. त्या वेळी मी ओट्याशी असायची. जुई ओट्याकडे तोंड करून बसायची, टॅब डब्याला टेकवून पुढ्यात, वही शेजारी. टॅबची पाठ माझ्याकडे आणि तिचा चेहरा माझ्यासमोर. स्क्रीनपेक्षा चेहऱ्यावरून जास्त कळतं, असा माझा हिशोब.

"नळाला मीटर लावलाय, दुधातलं पाणी बघायला काचेची नळी आणलीय," श्रीरंग म्हणाला होता, "आता पोरीच्या अभ्यासालाही मीटर."

"तुला चालेल का कुणी तिला लिहिलेलं?"



दर सोमवारी सकाळी चहा घेताना मी राउटरचं पान उघडून बघायची. घरातल्या प्रत्येक यंत्रापुढे दोन आकडे असत. किती माहिती आत आली आणि किती बाहेर गेली. व्हिडिओ बघणाऱ्याच्या नावापुढे आत आलेली भरपूर, बाहेर गेलेली नावापुरती. हे गृहीतच असतं, त्यामुळे दुसरा रकाना मी कधी नीट वाचलाच नव्हता.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी वाचला. जुईच्या टॅबपुढे आठवड्यात आत आलेली माहिती थोडीशी होती. बाहेर गेलेली तिच्या दहापट.

मी कप खाली ठेवला. नळाच्या मीटरचा काटा उलटा फिरताना दिसला, तर तुम्ही काय समजाल? आपल्या घरातलं काहीतरी बाहेर चाललंय. रोज. तासभर.

श्रीरंग दाढी करत होता. मी त्याला आकडे सांगितले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे जुई काही बघत नाहीये. कुणाला तरी दाखवतेय."

त्याचा हात थांबला. आरशातून त्याने माझ्याकडे पाहिलं. "काय दाखवतेय?"

"ते यात कळत नाही."

"मग विचार तिला. आत्ता उठव आणि विचार."

"विचारलं की ती सावध होईल. आधी मला तीन दिवस बघू दे."

"कुंदा, ती नमुना नाही, पोरगी आहे."

"म्हणूनच चूक करून चालणार नाही."

त्याने माझं ऐकलं. असल्या बाबतीत तो माझं ऐकायचा आणि मग दिवसभर जेवायचा नाही.

सोमवार, मंगळवार, बुधवार. तिन्ही संध्याकाळी मी चपात्या करता करता तिचा चेहरा वाचला. कानात इअरफोन. ओठ मिटलेले. गणितं सोडवायची, मध्येच मान वर करून स्क्रीनकडे बघायची, परत वहीत. भीती म्हणावी तर नाही. एकदा तर ती स्वतःशीच हसली, आणि माझं लक्ष आहे हे दिसताच हसू आवरलं. मी भाजी निवडायला खिडकीपाशी गेले की ती टॅब थोडा वळवायची. मी मोरीपाशी गेले की परत दुसरीकडे वळवायची. स्क्रीन माझ्या नजरेला पडू नये म्हणून धडपड चाललीय, हे माझ्यासारखीला कळायला वेळ लागला नाही. मी वहीत लिहूनही ठेवलं. मंगळवारी चार वेळा, बुधवारी सहा.

बुधवारी ती म्हणाली, "आई, ट्यूब लाव ना. ओट्यावर किती अंधार आहे."

"मला दिसतंय."

"तरी लाव."

आणि थोड्या वेळाने, "आई, तू केस कापलेस ते मागून छान दिसतात. वळ ना जरा."

मुलं काही लपवत असली की अशी गोड होतात, असं मी मनात म्हटलं. ट्यूब लावली. मान वळवली नाही.

त्या रात्री आडवी पडल्यावर मला माझ्या आईची आठवण झाली. अशा वेळी बाई आईला फोन करते. मला ती सोय उरली नव्हती. आई कराडला माझ्या भावाकडे, दिनूकडे, राहायची. साताऱ्याहून तासाभराची वाट. पण दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नव्हती.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, देहदानाचा अर्ज फार पूर्वीच भरला होता. साक्षीदार म्हणून सही माझी होती. ते गेले तेव्हा दिनू परगावी होता, घरात आई आणि मी. मेडिकल कॉलेजने वेळ घालून दिली होती. सहा तासांच्या आत देह पोचला पाहिजे. त्यातले साडेचार आप्तांच्या येण्याजाण्यात गेले होते. आई म्हणाली, थांब, त्यांचं उपरणं आणते, माझ्या हाताने अंगावर घालते. ती माडीवर गेली. गाडीवाला घाई करत होता. मी घड्याळ पाहिलं आणि त्याला हो म्हटलं. आई उपरणं घेऊन दारात आली तेव्हा गाडी गल्लीच्या टोकाला वळत होती.

ती ओरडली नाही. उपरण्याची घडी घातली आणि आत गेली. त्यानंतर मी फोन केला की ती तो दिनूच्या हातात द्यायची. मी कराडला गेले की देवघरात जाऊन बसायची, आणि मी निघेपर्यंत बाहेर यायची नाही. ताट मात्र वहिनीकडून वाढून यायचं, आणि त्यात मला आवडते म्हणून शेंगदाण्याची चटणी जास्त असायची. ती चटणी मला गिळवायची नाही. मग मी जाणं सोडलं. जुई जायची, बापाबरोबर, सुट्ट्यांमध्ये.

गुरुवारी मी ठरवलं. चालू असतानाच बंद करायचं. राउटरचं पान माझ्या मोबाइलवरही उघडायचं. तास चालू असताना मध्येच टॅबचं नेट तोडायचं आणि तिचा चेहरा बघायचा. चोर असा सापडतो, असं मला वाटत होतं. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीबद्दल मी चोर हा शब्द वापरत होते, हे मला त्या वेळी कळलं नाही.

सात वाजायला दहा मिनिटं होती. तव्यावर चपाती टाकली. एका हाताने ओट्याचा काठ धरला, दुसऱ्या हातात मोबाइल घेतला. चष्मा वर डोक्यावर होता, म्हणून खूप वाकून बघावं लागलं. जुईच्या टॅबचं नाव शोधलं आणि 'बंद करा' दाबलं.

मान वर केली. जुई स्क्रीनकडे बघत होती. मग माझ्याकडे. मग परत स्क्रीनकडे.

"आई, नेट गेलं."

"गेलं नाही. मी बंद केलं."

"अजून साडेसात नाही झाले."

"मला माहीत आहे." मी टेबलाशी जाऊन तिच्यासमोर बसले. कानातले इअरफोन तिने स्वतःच काढले. "जुई, मी रागावणार नाही. तू टॅबवर कुणाला काय दाखवतेस?"

तिचा चेहरा पांढरा पडला.

"कुणाला नाही."

"रोज तासभर इथून चित्र बाहेर जातं. मला कळतं ते. कोण आहे तिकडे?"

तिने वही मिटली.

"कुणी मोठं माणूस आहे?"

तिने होकारार्थी मान हलवली, आणि लगेच आपली चूक झाल्यासारखी ओठ दाबून बसली. मी पिठाचे हात मांडीत घट्ट धरून ठेवले.

"तो तुझ्याशी काही बोलतो?"

"तो नाही," ती म्हणाली. "आई, मी नाही सांगू शकत. मी वचन दिलंय."

वचन. सभेत बाईंनी हाच शब्द उच्चारला होता. घरी न सांगण्याचं वचन घेतात, म्हणाल्या होत्या.

"श्रीरंग!" मी हाक मारली. तो दारात येऊन उभा राहिला. जुईचे डोळे भरून आले. ती आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती, आणि तिच्या नजरेत अपराधीपणा नव्हता. कुणाची तरी काळजी होती. ती म्हणत होती, "आई, आधी ते चालू कर. प्लीज. दोनच मिनिटं चालू कर, मग मी बंद करते. ती घाबरेल."

"कोण घाबरेल?"

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. दिनू.

मी तो उचलणार नव्हते. पण श्रीरंगने टेबलावरून घेऊन माझ्या हातात दिला.

"अक्का," दिनूला धाप लागली होती. "अक्का, बरी आहेस ना तू?"

"मी? मला काय झालंय?"

"चक्कर बिक्कर आली काय? पडलीस का?"

"नाही रे. कुणी सांगितलं तुला?"

"अगं, आई इकडं नुसती थरथरायला लागलीया. म्हणती, कुंदा ओट्याला धरून खाली वाकली आणि वाकली ती तशीच राहिली. हलंना, बोलंना. मग एकदम गायबच झाली. मी म्हटलं, नेट गेलं असंल. तर ऐकंना. म्हणती, गाडी काढ, साताऱ्याला चल."

"आईने... मला कुठे बघितलं?"

मग दिनू सावकाश म्हणाला, "म्हणजे तुला ठाऊक नाही?"

मी जुईकडे पाहिलं. ती आता हुंदके देऊन रडत होती.

"कराडची आजी," ती म्हणाली. "ती बघते. मी दाखवते."

"काय दाखवतेस?"

"तुला."

मी डब्याला टेकवलेल्या त्या टॅबकडे बघितलं. त्याची पाठ माझ्या ओट्याकडे होती. पाठीवर वरच्या कोपऱ्यात वाटाण्याएवढा काळा ठिपका. तीन दिवस मी स्क्रीन कुणीकडे वळते ते मोजत होते. या ठिपक्याची मी नोंदच केली नव्हती.

जुई नाक ओढत सांगत होती. एकदम, वाक्यांची मोडतोड करत. मे महिन्यात आजीने विचारलं, तुझी आई आता कशी दिसते. केस पिकले का. मी फोटो दाखवला. तर म्हणाली, फोटोत माणूस हलत नाही. मग मी म्हटलं, मी तुला हलताना दाखवते. ती आधी नको म्हणाली. मग म्हणाली, तिला कळता कामा नये. कळलं तर ती बोलायला येईल आणि मला अजून बोलता येत नाही. मी नुसती बघीन, माझा कॅमेरा बंद ठेवून.

"ती काही बोलते तुझ्याशी?" श्रीरंगने विचारलं.

"कधी कधी. कानात. बारीक आवाजात. म्हणते, वाळलीय. म्हणते, पाठीत वाकून उभी राहते, तिला सांग सरळ राहायला. काल म्हणाली, तोंड दिसत नाही, दिवा लावायला सांग."

मोबाइल माझ्या कानाशीच होता. दिनू पलीकडे कुणाशी तरी बोलत होता. "बरी हाय. अगं बरी हाय ती, आवाज ऐकला मी." मग खडखड झाली. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मला तो श्वास ओळखू आला. आईला दम्याचा त्रास होता, श्वास सोडताना बारीक शीळ वाजायची.

मला गाडी गल्लीच्या टोकाला वळताना दिसत होती, आणि दारात आई. मनात दोन वर्षं जुळवून ठेवलेली वाक्यं होती. वेळेची कारणं होती, अण्णांची इच्छा होती, कॉलेजचा नियम होता. त्यातलं एकही तोंडातून बाहेर येईना.

"तव्यावर चपाती होती," आई म्हणाली.

दोन वर्षांनी ऐकलेला तिचा आवाज. मी वळून पाहिलं. तव्यातून काळा धूर निघत होता. आम्ही तिघेही स्वयंपाकघरात असून कुणाला वास आला नव्हता.

"काढलीस का?"

"आत्ता काढते."

"करपली असंल."

"करपली."

"मग ती खात बसू नको. टाकून दे." शीळ वाजली. परत वाजली. "हात भाजला नाही ना?"

"नाही."

"मग वाकलीस कशाला एवढी?"

"चष्मा डोक्यावर होता," मी म्हणाले. "मोबाइलवर बारीक अक्षर होतं. दिसत नव्हतं."

"डोळं तपासून घे," आई म्हणाली. आणि थोडं थांबून, "मी किती वेळ हाका मारत होते. पोरीच्या कानात असतील त्या. तुला कुठनं ऐकू जाणार."

"आई..." मी म्हणाले. "आई, मी..."

"असू दे," ती म्हणाली. "ते आत्ता नको. मला धाप लागलीय." मग कुणाला तरी, बहुधा दिनूला, पाणी मागितलं. प्यायल्याचा आवाज आला. "ते चालू कर आधी. मला काही दिसंना."

मी मोबाइल कानावरून काढला, चष्मा खाली घेतला, जुईच्या टॅबचं नाव शोधलं. बोटाला कणीक चिकटली होती, स्क्रीन दाब घेईना. मी बोट पदराला पुसलं. परत दाबलं. जुईने डोळे मनगटाने पुसले आणि टॅब सरळ केला. श्रीरंगने तवा उचलून मोरीत नेला आणि पुसून परत आणून ठेवला. जळलेली चपाती त्याने कचऱ्याच्या बादलीत टाकली आणि नंतर बराच वेळ, काही काम नसताना, तिथेच पाठ करून उभा राहिला.

"लागला," जुई हळूच म्हणाली. इअरफोनची वायर तिने ओढून काढली. आता आईच्या श्वासाची शीळ आमच्या टेबलावरून येत होती.

रोज ज्या ओट्याशी मी न बघता वावरायची, तिथे उभं राहायला मला जमेना. पाय कसे ठेवायचे, मान कुठे करायची. पस्तीस वर्षांपूर्वी कराडच्या घरी पहिल्यांदा पोळपाट पुढ्यात घेतला होता तेव्हा झालं होतं, तसं झालं. मी त्या काळ्या ठिपक्याकडे एकदा बघितलं. त्यात काहीच दिसत नव्हतं. मग पाठ ताठ केली, कणकेचा गोळा घेतला, पिठात बुडवला आणि लाटायला लागले.

"पीठ लई लावतीस," आई म्हणाली.

मी गोळा उचलून पीठ झटकलं.